ठिबकच्या टाकीत साका का धरतो?

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागांना ठिबकमधून विद्राव्य खतं सुरू होतात. त्यातला एक नियम बहुतेक बागायतदारांना पाठ असतो: कॅल्शियम नायट्रेट आणि ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, एका टाकीत कालवायचं नाही. एकेकटं दोन्ही स्वच्छ विरघळतं. एकत्र आलं की पाणी दुधाळ होतं, तळाशी पांढरा साका बसतो आणि ड्रीपर तुंबतात. हा साका म्हणजे शाळेतला 'अवक्षेप'.

कॅल्शियम नायट्रेट + पोटॅशियम सल्फेट → कॅल्शियम सल्फेट↓ + २ पोटॅशियम नायट्रेट

तो २ कुठून आला? कॅल्शियमचा प्रभार +२, म्हणून त्याच्या जोडीला दोन नायट्रेट. सल्फेटचा −२, म्हणून दोन पोटॅशियम. डावीकडचे हे दोन-दोन उजवीकडे भरले की समीकरण संतुलित झालं.

पण पाण्यात खत अखंड राहत नाही, त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात. तसंच लिहू:

कॅल्शियम²⁺ + २ नायट्रेट⁻ + २ पोटॅशियम⁺ + सल्फेट²⁻ → कॅल्शियम सल्फेट↓ + २ पोटॅशियम⁺ + २ नायट्रेट⁻

दोन्हीकडे जसेच्या तसे आहेत ते खोडून टाका. उरतं ते निव्वळ आयनिक समीकरण:

कॅल्शियम²⁺ + सल्फेट²⁻ → कॅल्शियम सल्फेट↓

परीक्षेत याला एक-दोन मार्क असतील, पण बागेत खरा उपयोग याच ओळीचा. पोटॅशियम त्यात कुठेच नाही. म्हणजे ०:०:५० ऐवजी मॅग्नेशियम सल्फेट घ्या नाहीतर अमोनियम सल्फेट, साका तोच. उलट १३:०:४५ हे पोटॅशियम नायट्रेट. त्यात सल्फेटच नाही, म्हणून ते कॅल्शियम नायट्रेटसोबत चालतं. १२:६१:०, म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट, मात्र नको, कारण फॉस्फेटही कॅल्शियमला धरून खाली बसतं.

साका धरणं प्रमाणावरही ठरतं. हे कॅल्शियम सल्फेट पाणी धरून जिप्सम होतं आणि लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. बेताच्या प्रमाणात ते दिसतही नाही. टाकीतल्या दाट द्रावणात मात्र लगेच बसतं.

बसल्यावर ॲसिड सोडून भागत नाही. क्षारांच्या पाण्याने धरलेला कॅल्शियम कार्बोनेटचा थर ॲसिडने सुटतो, कारण कार्बोनेट ॲसिडमधल्या हायड्रोजन आयनांशी जुळून वायू होऊन निघून जातं. सल्फेट त्या आयनांना फारसं धरत नाही, त्यामुळे जिप्सम बहुतांशी तसंच राहतं. म्हणून ही दोन खतं वेगवेगळ्या दिवशी द्यावीत आणि मध्ये लॅटरल, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळ्या, साध्या पाण्याने धुऊन घ्याव्यात.