इस्त्रीनंतर पिवळे डाग का उठतात?

‘कपडा स्वच्छ दिला होता, डाग तुमच्या इस्त्रीत पडला.’ उन्हाळ्यात ही तक्रार आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर सतत येते. इस्त्रीचा तळ खराब असेल तर डाग काळपट पडतो, रेघेसारखा ओढला जातो. ती चूक आमची, तो कपडा पैसे न घेता पुन्हा धुऊन देतो. पण छातीवर, बाहीवर किंवा मांडीवर तपकिरी ठिपका नाहीतर ओघळ उठला असेल, तर तो डाग बहुतेक वेळा कपड्यात आधीपासूनच असतो.

उसाचा रस, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक वाळलं की दिसत नाही. पाणी उडून जातं, साखर धाग्यात राहते. फळांतली साखर ११० अंश सेल्सिअसच्या आसपासच करपू लागते आणि सुती कपड्याची इस्त्री २०० अंशांच्या जवळपास तापते. ‘पण मी ड्रायक्लीनला दिला होता!’ असंही ऐकावं लागतं. ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटमध्ये तेल-तूप निघतं, साखर निघत नाही, तिला पाणीच लागतं. म्हणून कपडा घेताना आम्ही ‘काही सांडलं होतं का?’ असं विचारतो. काहींना ती उलटतपासणी वाटते. सांगितलंत तर तेवढा भाग आधी पाण्याने काढतो आणि पावतीवर तशी नोंद करतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

घरी करायचं ते एवढंच. सांडल्या सांडल्या कपडा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे साखर आली तशी बाहेर जाते. चोळू नका. डाग वाळला असेल आणि कपडा सुती पांढरा असेल तर १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. इस्त्रीआधी कपडा खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. कडक वाटणारी जागा किंवा फिकट कडा दिसली तर पुन्हा पाण्यात घाला, इस्त्री फिरवू नका. (व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.)

हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, घाबरू नका. साबणातल्या क्षारामुळे तसं होतं, भरपूर पाण्याने खळबळलं की पुन्हा पिवळा दिसतो. उरलेला पिवळेपणा पांढऱ्या कपड्यावरून ऊनच काढतं, ओला कपडा दोन-तीन दिवस उन्हात घाला. रक्ताला, दुधाला गरम पाणी लावलं तर डाग पक्का बसतो. तेलावर टाल्कम पावडर १५ मिनिटं ठेवून झटका, मग भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात.

रेशमी आणि जरीच्या साडीवर मात्र यातलं काहीच नको. कोरड्या पांढऱ्या सुती फडक्याने टिपा आणि त्याच दिवशी आमच्याकडे आणा. ताज्या डागाला मेहनत कमी लागते आणि खर्चही कमी येतो. कपडे दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत असाल तर काय सांडलं, कधी सांडलं आणि घरी काय लावलं, हे चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. चिठ्ठी पावतीला टाचून ठेवतो.