ओर्ता, गार्सिया द

(सु. १५०१–१५६८). पोर्तुगीज वैद्य आणि वनस्पतींचा अभ्यासक. भारतातील औषधी द्रव्यांवर प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे सविस्तर लिहिणारा पहिला यूरोपीय. त्याचे निम्मे आयुष्य गोव्यात गेले.

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद येथे झाला. आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेल्यावर ते पोर्तुगालमध्ये आले आणि १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतरात ख्रिस्ती झाले. सालामांका आणि अल्काला येथे वैद्यक शिकून ओर्ता परतला व पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. १५३४ मध्ये मार्टिं अफोन्सो द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो गोव्यात आला आणि परत गेला नाही. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन (पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे ख्रिस्ती धर्मन्यायालय) येण्याची वाढती धास्ती हे या स्थलांतरामागचे मोठे कारण असावे.

गोव्यात त्याचा दवाखाना, औषधी व्यापार आणि बाग होती. अहमदनगरचा पहिला बुर्‍हाण निजामशाह त्याच्याकडून उपचार घेई. रोगांची आणि औषधांची अरबी नावे निजामशाहाने ओर्ताला शिकवली, तर लॅटिन नावे ओर्ताने निजामशाहाला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. तिथल्या त्याच्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येत, असे त्याने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. घारापुरीच्या लेण्यांचे वर्णनही त्याने केले आहे.

त्याची कीर्ती ज्या एका ग्रंथावर उभी आहे तो 'कोलोकियूश' (म्हणजे 'संवाद') १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतातील छपाईच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात छपाईच्या चुका इतक्या आहेत की शुद्धिपत्रच अनेक पानांचे झाले. पोर्तुगीज कवी कामोइंशची छापील स्वरूपात आलेली पहिली कविता याच पुस्तकात आहे. ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता पोर्तुगीजमध्ये लिहिला असून त्याची रचना संवादांची आहे. ओर्ता आणि स्पेनहून आलेला काल्पनिक डॉक्टर रुआनो यांच्यात हे संवाद होतात. रुआनो ग्रीक-अरब आचार्यांचे दाखले देतो आणि ओर्ता स्वतः पाहिलेले सांगतो. दियोस्कोरिदेस आणि गेलन या प्राचीन ग्रीक वैद्यांची भीती मला घालू नका, मला ठाऊक असलेले सत्यच मी सांगणार, असे तो रुआनोला बजावतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायला धजलो नसतो, हेही तो कबूल करतो. यूरोपपासूनच्या अंतराने त्याला किती मोकळीक दिली, हे यातून कळते.

हिंग, धोतरा, भांग, विड्याचे पान, फणस, दालचिनी अशा द्रव्यांची उत्पत्ती, पारख, भाव आणि उपयोग त्याने नोंदवले. पिंपळी ही मिरीच्या वेलीचीच नव्हे, हे त्याने बरोबर सांगितले. पांढरी आणि काळी मिरी वेगळ्या वेलींची, हे मात्र चुकीचे. पटकीचे (कॉलऱ्याचे) त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. कोकणात 'मोडशी' म्हणत त्या या रोगात नाडी बुडणे, थंड घाम, पेटके, तहान, खोल गेलेले डोळे ही लक्षणे त्याने रुग्णांच्या उशाशी बसून टिपली. ही माहिती त्याला स्थानिक वैद्य, व्यापारी आणि घरातल्या चाकरांकडून मिळत होती. मलुपा या हिंदू वैद्याचे नाव ग्रंथात येते, पण बहुतेक माहितगार निनावी राहिले. विश्वकोशांत ओर्ताचा गौरव करताना हे ऋण फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला हवे.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतेच. ओर्ताच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताचीही हाडे थडग्यातून काढून जाळली गेली.

ग्रंथ मात्र तोवर यूरोपभर पोचला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद छापला आणि विद्वानांनी ओर्ताला मुख्यतः त्यातूनच वाचले. या संक्षेपात संवाद गळाले. त्यांच्याबरोबर ओर्ताचा आवाज, बाजारातल्या गप्पा आणि दख्खनच्या राजकारणावरचे शेरेही गेले. क्रिस्तोबाल आकोस्ता या वैद्याने १५७८ मध्ये स्पॅनिशमध्ये सचित्र ग्रंथ काढला, तो बराचसा ओर्ताच्याच मजकुरावर बेतलेला होता. मूळ पोर्तुगीज पाठाची विस्तृत टीपांसह आवृत्ती फिकाल्यूच्या काउंटने १८९१ ते १८९५ दरम्यान काढली, तर क्लेमेंट्स मार्कमचा इंग्रजी अनुवाद १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पणजीतील एका सार्वजनिक बागेला ओर्ताचे नाव देण्यात आले. सोळाव्या शतकातील अहमदनगर, वसई आणि मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने मात्र क्लुसियसचा सारांश न वापरता मूळ संवादच वाचावेत.