चर्चमधलं लग्न: हॉल बुक करण्याआधी हे वाचा

आधी हॉल, मग केटरर, मग बँड आणि सगळ्यात शेवटी चर्च. शनिवारी संध्याकाळी मी आमच्या कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे ठरलेल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात मदतीला बसते, त्यामुळे हा उलटा क्रम दर मोसमात बघते. हॉलची पावती टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, "फादर, ख्रिसमसनंतरचा शनिवार मिळेल ना?" मिळेलही, पण कागद झाले तर. म्हणून तारखेच्या निदान सहा महिने आधी दोघांनी आपापल्या पॅरिशमध्ये जाऊन यावं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लग्नं सहसा लावत नाहीत. गुड फ्रायडे आणि त्यानंतरचा शनिवार तर विचारूच नका.

चर्च कुठलं, हा पहिला गोंधळ. लग्न मुलाच्या किंवा मुलीच्या पॅरिशमध्ये लागतं. पॅरिश ठरते सध्याच्या राहत्या पत्त्यावरून. आजीचं घर उत्तनला आहे म्हणून उत्तनची पॅरिश तुमची होत नाही. फोटोत छान दिसणारं दुसरं चर्च हवं असेल तर आपल्या पॅरिश प्रीस्टची, म्हणजे पॅरिशच्या मुख्य फादरांची, परवानगी घ्यावी लागते. ती बहुधा मिळते, पण मागावी लागते.

आता बाप्तिस्म्याचा दाखला. निम्मे अर्ज इथेच अडकतात. मागच्याच महिन्यात एक आई घरातल्या आल्तारच्या (देव्हाऱ्याच्या) खणातून काढलेला, लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेला दाखला घेऊन आली. मुलाच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे लहानपणी होणाऱ्या संस्काराच्या, वेळी काढलेला. तो खरा असूनही चालला नाही. दाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला, ताजा लागतो. कारण साधं आहे, फक्त कोणी सांगत नाही. कॅथलिक माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याच्या नावाशेजारी केली जाते. ताजा दाखला म्हणजे त्या शेजारच्या जागेत आजवर लग्नाची नोंद नाही याचा पुरावा. आईच्या लॅमिनेशनमध्ये तो कुठून येणार? छापील यादीत आम्ही नुसतं 'बाप्तिस्मा दाखला' लिहितो आणि मग लोकांना परत पाठवतो, ही चूक आमच्या बाजूची.

हा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच मिळतो. वसईत झाला असेल तर वसईच्याच चर्चमध्ये जा, कुलाब्याच्या आर्चबिशप हाऊसला, म्हणजे मुंबईच्या मुख्य ऑफिसला, फोन करून उपयोग नाही. वसईचा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) 1998 पासून मुंबईपेक्षा वेगळा आहे. स्पेलिंगही तिथेच तपासा. रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरं, ही आपल्याकडची जुनी दुखणी. लग्नाच्या आठवड्यात ती निस्तरत नाहीत.

दृढीकरण संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचं कन्फर्मेशन, झालेला नसेल तर घाबरून लग्न मोडायला निघू नका. मोठी अडचण नसेल तर लग्नाआधी तो घ्यावा, असा नियम आहे. फादरांशी लवकर बोललात तर मार्ग निघतो. विवाहपूर्व कोर्स मात्र दोघांनाही करावाच लागतो. त्याच्या जागा भरतात, म्हणून नाव आधी नोंदवा. बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर घोषणा, साधारण तीन रविवार दोघांच्याही पॅरिशमध्ये होते.

मुलाखतीला फादर दोघांना वेगवेगळं बसवतात. स्वखुशीने लग्न करताय का, ते जन्मभराचं मानता का, मुलं हवीत का, असं विचारतात. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येता का, प्रार्थना करता का, हेही निघतं. इथे पाठ केलेली उत्तरं देऊ नका. "दोन वर्षं आलो नाही, फादर, पण लग्न देवासमोरच करायचंय," असं एकाने सरळ सांगितलं. फादरांनी त्याला पापनिवेदनाला (कन्फेशनला) यायला सांगितलं आणि अर्ज पुढे गेला. देवाशी नातं पुन्हा जोडायला हे चांगलं निमित्त आहे. हजेरी नाही म्हणून दार बंद झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जोडीदार हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध असेल तर धर्मांतर करावं लागतं, असं नातेवाईक छातीठोक सांगतात. लागत नाही. त्यासाठी आर्चबिशपांकडून खास सूट मिळवावी लागते. आपला धर्म पाळण्याचं आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून शक्य ते सगळं करण्याचं वचन कॅथलिक व्यक्ती देते. जोडीदाराला त्याची फक्त कल्पना दिली जाते. ही सूट मिळायला वेळ लागतो आणि दर आठवड्याला फोन केल्याने ती लवकर येत नाही.

आधी लग्न झालं असेल तर लपवू नका. कोर्टाचा घटस्फोट चर्चला पुरत नाही, चर्चच्या न्यायाधिकरणाचा निर्णयही लागतो. आणि उलटही खरं: चर्चने विवाह रद्दबातल ठरवला तरी कायद्याने तो मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच हे स्पष्ट केलं. म्हणजे दोन्हीकडचे कागद हवेत.

बाकी आधार, फोटो, साक्षीदारांची नावं, वयाचे पुरावे (मुलगा 21, मुलगी 18) हे नेहमीचंच. चर्चमधलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतं, त्यामुळे रजिस्टरातली नोंद पुढे पासपोर्ट-व्हिसासाठी काढाल तेव्हा अक्षर न् अक्षर तपासली जाते. सही करताना फोटोग्राफर घाई करतो, नवरीला डोक्यावरची व्हेल सावरायची असते, पेन चालत नाही. तरी दोन मिनिटं थांबा, आपलं आणि आईवडिलांचं नाव वाचा, मग सही करा.