गंजीच्या बुडाचा माल वेगळ्या कट्ट्यात भरा

(सोयाबीन घेऊन येणाऱ्या सभासद आणि बिगरसभासद शेतकऱ्यांसाठी)

राम राम.

दसरा-दिवाळीच्या गर्दीत आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या वजनकाट्यावर रोज एक प्रश्न ऐकू येतो : "कंपनी शेतकऱ्यांचीच आहे ना, मग मॉइश्चर (मालातली ओल) धरून वजन कशाला कापता?" विचारणं रास्त आहे, म्हणून उत्तर छापूनच देतोय.

कंपनी तुमचीच आहे. कंपनी कायद्यात 2002 साली दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना आपली उत्पादक कंपनी काढता आली. एकाचे दहा शेअर असोत की दुसऱ्याचे शंभर, सभेत मत एकच. पण म्हणूनच इथे ओल्या कट्ट्याचा (पोत्याचा) तोटा अंगावर घ्यायला कोणी परका व्यापारी नाही. आपली गाडी तेल मिलच्या दारात लागली की तिथला माणूस कट्ट्यांत नळी खुपसून नमुना काढतो आणि कपात सगळ्या गाडीवर लावतो. तुमच्या चार ओल्या कट्ट्यांचे पैसे मग शेजारच्या गावच्या सभासदाच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) जातात. त्याने का भरायचे?

आमचा हिशोब साधा आहे. 12 टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण वजन. 15 टक्के ओल असलेल्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल 85 किलो असतो. तोच 12 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं 96 किलो 600 ग्रॅम. म्हणजे 3 किलो 400 ग्रॅम पाणी. तेवढंच आम्ही कापतो, "टक्क्याला दोन किलो" असला ढोबळ व्यवहार करत नाही. ओल मोजायचा मीटर काट्याशेजारी उघड्यावर ठेवलाय, आकडा स्वतः वाचा. पटला नाही तर दुसऱ्या कट्ट्यातला नमुना लावायला सांगा, कुणाला राग येणार नाही.

आता खरी अडचण. परतीच्या पावसात ताडपत्रीखाली ठेवलेल्या गंजीचा (कापलेल्या सोयाबीनच्या ढिगाचा) वरचा भाग वाळतो, पण बूड जमिनीची ओल ओढून घेतं. हडंब्यातून (मळणी यंत्रातून) सगळं एकदमच काढलं की दोन्ही माल एक होतात. वरचा 11 टक्के ओलीचा माल आणि बुडाचा 17 टक्क्यांचा माल एकाच कट्ट्यात भरलात, की मीटर एका मुठीला काही दाखवतो, दुसऱ्या मुठीला काही. मग ट्रॉली उतरवा, कट्टे फोडा, पसरा, पुन्हा भरा. हमालांचा अर्धा दिवस जातो, हमाली तुम्हालाच लागते आणि मागची रांग आमच्या नावाने बोटं मोडते. बुडाचा माल शेवटी मळा, वेगळ्या कट्ट्यांत भरा, सुतळीला लाल चिंधी बांधा. बाकीच्याला पूर्ण भाव मिळेल. आणि घरून पिशवीत आणलेल्या मूठभर नमुन्यावर आम्ही भाव सांगत नाही. तो पत्र्यावर वाळवलेला असतो, हे आम्हालाही कळतं.

उन्हात पसरलेला माल गरम असताना कट्ट्यात भरू नका. संध्याकाळी गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशीचा वास येतो.

15 टक्क्यांच्या वर ओल असलेला माल आम्ही तोलत नाही. परत मात्र पाठवत नाही : आवारात सिमेंटचा ओटा आहे, सभासदांना वाळवायला पैसे लागत नाहीत. चाळणी यंत्रही आहे. माती, काडी, डागी दाणे निघाले की भावात फरक पडतो. चाळायचे दर काट्यावर लिहिलेत, चाळायचं की नाही तुम्ही ठरवा.

हमीभावाच्या खरेदीत द्यायचं असेल तर सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा लागतो. ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरून पेऱ्याची नोंद) केली नसेल तर ऐन वेळी आम्हाला काही करता येत नाही. मोबाईलवर जमत नसेल तर मुदत संपायच्या आत ऑफिसात या, आमचा पोरगा मदत करेल.

घरचं बियाणं ठेवणाऱ्यांसाठी एवढंच : तो माल हडंब्याचे फेरे मिनिटाला 350 ते 400 वर ठेवून काढा आणि कट्टे उंचावरून आपटू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक, वरून दिसत नाही पण उगवण मार खाते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरू नका. परभणी विद्यापीठाच्या एमएयूएस या सोयाबीन वाणांचं बियाणं आम्ही सभासदांच्या शेतात तयार करून घेतो. हवं असेल त्यांनी नाव आत्ताच लिहून ठेवावं, जूनमध्ये मागाल तर शिल्लक असेलच असं नाही.