उठताना येणारी अंधारी आणि सुई पाहून येणारी भोवळ

गणपतीतल्या रक्तदान शिबिरात एखादा तरी धडधाकट गडी आडवा होतोच. कधी रक्त देऊन झाल्यावर, कधी शेजारच्याच्या दंडात शिरणारी सुई नुसती बघूनच. आधी जांभया येतात, मग कपाळावर गार घाम, ओठ पांढरेफटक, आणि गडी खुर्चीवरून घसरतो. इकडे घरी आजी पहाटे पलंगावरून उठून मोरीकडे निघते, दाराशी पोचते न पोचते तोच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती चौकट धरून थांबते. दोघांनाही आपलं निदान एकच: ‘बीपी लो झालं, लिंबूसरबत द्या.’

बीपी दोघांचंही खाली गेलेलं असतं, खोटं नाही. पण आजीच्या बाबतीत मेंदूचा हुकूम नीट बजावला गेलेला नसतो. पैलवानाच्या बाबतीत मेंदूनेच भलता हुकूम सोडलेला असतो.

माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. जबड्याच्या कोनाखाली, जिथे बोट ठेवून नाडी लागते, तिथे कॅरोटिड रोहिणीला बारीकसा फुगवटा असतो. त्याच्या भिंतीतल्या चेतातंतूंना रक्ताचा ताण कळतो. छातीत महारोहिणीच्या कमानीतही असेच पहारेकरी असतात. दाब जितका जास्त, तितके त्यांचे संदेश दाट. हे संदेश जातात मेंदूच्या देठात, मेड्युलामध्ये. उभं राहताच ताण सैलावतो, संदेश विरळ होतात, आणि मेड्युला त्या विरळपणावरूनच काय ते ओळखते. हृदयावर व्हेगस चेतेचा लगाम असतो, तो एक-दोन ठोक्यांतच ढिला पडतो आणि नाडी वाढते. पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळायचं काम सिम्पथेटिक चेतांचं. त्यांना काही सेकंद लागतात. या फटीतच तरण्याताठ्यांनाही क्वचित क्षणभर अंधारी येते, विशेषतः उन्हातून येऊन बसलं आणि झटकन उठलं तर.

आजीची फट बुजतच नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किंवा पार्किन्सनने (कंपवाताने) चेता निकामी झालेल्या असतात; नाहीतर बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात (ही दुसरी गोळी अर्थात आजोबांची). ‘रात्री उठावं लागतं’ म्हणून पाणी कमी पिण्याची खोडही असतेच. घरी बीपीचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. सोबत नाडीही लिहून ठेवा. पाणी कमी पडलं असेल तर दाब उतरताना नाडी चांगली वाढते. चेताच बिघडल्या असतील तर ती फारशी हलत नाही. मला तर या दोन आकड्यांत नाडीचाच जास्त बोलका वाटतो.

पैलवानाच्या पहारेकऱ्यांना आणि तंतूंना काहीही झालेलं नसतं. रक्त, सुई, भीती, वेदना यांची खबर वरच्या मेंदूकडून मेड्युलात येते, आणि काही माणसांत तिथला सगळा कारभार उलटा फिरतो: व्हेगसचा लगाम करकचून ओढला जातो आणि रक्तवाहिन्यांवरची पकड सुटते. नाडी चाळिशीत येऊ शकते. लंडनचे डॉक्टर टॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये दाखवलं की ॲट्रोपीन (व्हेगसचा लगाम सोडवणारं औषध) देऊन नाडी वाढवली तरी दाब वर येत नाही. म्हणजे दोष एकट्या हृदयाचा नाही, वाहिन्यांचाही आहे. म्हणूनच ‘व्हॅसोव्हेगल’ असं जोडनाव त्यांनी रूढ केलं: ‘व्हॅसो’ म्हणजे रक्तवाहिन्या, ‘व्हेगल’ म्हणजे व्हेगसचं. गर्दीत तासभर ताटकळल्यावर येणारी भोवळ बहुधा याच जातीची.

पडलेला माणूस कधी हातपाय झटकतो आणि लोक ‘फिट आली’ म्हणून चप्पल, कांदा शोधू लागतात. काहीजण त्याला काखेत धरून बसतं करतात. तेवढं मात्र करू नका. मेंदूला रक्त हवंय, आणि डोकं वर उचललं की तेच लांबतं. सपाट झोपवा, पाय उचलून धरा. बहुतेकजण मिनिटाच्या आत डोळे उघडतात. पूर्वसूचना ओळखणाऱ्याने जांभई येताच पायाची अढी घालून मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळाव्यात, पायातलं रक्त वर ढकललं जातं. पळताना, जिना चढताना किंवा आडवं पडलेलं असताना शुद्ध गेली, तर मात्र ही दोन्ही प्रकरणं बाजूला ठेवून थेट हृदयतज्ज्ञ गाठावा. घर गरगर फिरत असेल तर गोष्ट बहुधा कानातली.

आजीला सुईवाल्या गड्यासारखी आगाऊ वर्दी मिळत नाही, घाम नाही की मळमळ नाही. म्हणून तिला आधी पलंगाच्या कडेला बसायचं, वीस-पंचवीस वेळा टाचा उचलायच्या, आणि मगच चौकटीकडे निघायचं, असं शिकवावं लागतं. गोळी मात्र तिने स्वतःहून बंद करायची नाही. बसलेल्या आजीचं बीपी १६० असू शकतं आणि उभ्या आजीचं ११०.