स्टिअरिंगची थरथर अलाइनमेंटमुळे नव्हे

जुन्या पिकअपचे स्टिअरिंग वेगात थरथरू लागले की ‘अलाइनमेंट बिघडले’ असे सर्रास सांगितले जाते; हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी; ती बिघडल्यास गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतात. ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या आसपास सुरू होणारी थरथर बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाभोवतीचे वजन समान नसल्याची असते, तर फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी डिस्कची किंवा ड्रमची.

जुन्या गाडीत खरे पाहायचे ते स्टिअरिंगचे आणि पुढच्या चाकांचे सांधे. गाडी जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड लावावेत (नुसत्या जॅकवर हे काम कधीही करू नये) आणि चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर चाकाचे बेअरिंग किंवा चाक ज्यावर वळते तो बॉल जॉइंट वा किंगपिन संशयास्पद समजावा. दुसऱ्या कुणी चाक डावी-उजवीकडे हलवत असताना टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकावर बोट ठेवल्यास झिजलेल्या सांध्याची टकटक बोटाला स्पष्ट लागते. अखंड अ‍ॅक्सलच्या (पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जोडलेल्या) गाडीत खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोरात झटके देत असेल, तर नवा डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग) बसवल्याने दोष केवळ झाकला जातो, आणि हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकतही नाही. ते दुरुस्तीनंतरच करावे.