ड्राय सिरप, प्रतिजैविक

जीवाणुसंसर्ग झालेल्या लहान मुलांना तोंडावाटे देण्याचे, भुकटीच्या रूपात बाटलीबंद केलेले व वापरण्याच्या वेळी पाणी घालून तयार करावयाचे औषध. अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम आणि ॲझिथ्रोमायसिन ही त्यांतील नेहमीची. सर्दी-पडसे व बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. त्यांवर या औषधांचा उपयोग होत नाही. प्रस्तुत नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरे विशेषत्वाने डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरीन कुळांतील औषधांच्या रेणूत बीटा-लॅक्टम हे चौकोनी वलय असते. जीवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) हेच वलय निकामी करते, पण पाण्याच्या सान्निध्यात ते हळूहळू उघडते व औषध निष्प्रभ होते. म्हणून ही औषधे दुकानात कोरडीच ठेवावी लागतात. अमॉक्सिसिलिन १९७२ मध्ये आणि क्लॅव्युलॅनेटसह त्याचे संयुक्त औषध १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आले. या जोडीतील क्लॅव्युलॅनेट (अमॉक्सिसिलिनला जीवाणूंच्या विकरांपासून वाचवणारा घटक) विशेष नाजूक असते. पाणी घातल्यावर ही बाटली २ ते ८ अंश से. तापमानात ठेवून ७ दिवसांत संपवावी लागते; बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. ॲझिथ्रोमायसिनला सहसा फ्रिज लागत नाही. प्रत्येक औषधाची मुदत निराळी असते, ती खोक्यावर पाहावी. बाटली कालवल्याची तारीख लेबलवर लिहून ठेवणे सोयीचे. उरलेले औषध पुढच्या आजारासाठी किंवा धाकट्या भावंडासाठी राखू नये. फ्रिज नसलेल्या वा वीज टिकत नसलेल्या वस्तीवर राहत असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी २५० मिग्रॅ. गोळी मिळते आणि बालकांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पसंतीही तिलाच आहे.

कालवण्यातील चूक ही मोजण्यातील चुकीपेक्षा अधिक घातक, कारण ती बाटलीतील प्रत्येक डोसात उतरते. पाणी कमी पडले तर औषध तीव्र होते, जास्त पडले तर सौम्य. प्रथम बाटली तळहातावर आपटून भुकटी मोकळी करावी. उकळून पूर्ण गार केलेले पाणी (काही खोक्यांत निर्जंतुक पाण्याची कुपी असते) बाटलीवरील खुणेच्या साधारण निम्म्यापर्यंत ओतून जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवावे. भुकटी भिजताना पातळी खाली जाते, त्यामुळे एकदम भरलेली बाटली बहुधा खुणेखालीच राहते. गरम पाणी किंवा दूध वापरू नये. औषध दुकानदाराने समोर कालवून दिले तर उत्तमच. तयार औषधाची भुकटी तळाशी बसते, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते.

डोस मुलाच्या वजनावरून ठरतो, वयावरून नव्हे. म्हणून अलीकडचे वजन डॉक्टरांना सांगणे आवश्यक. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या असतात. २५० मिग्रॅ. अमॉक्सिसिलिन द्यायचे असेल, तर ५ मिलि.मध्ये १२५ मिग्रॅ. असलेल्या बाटलीतून १० मिलि. आणि २५० मिग्रॅ. असलेल्या बाटलीतून ५ मिलि. द्यावे लागते. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर जुना ‘एक चमचा’ लागू पडेलच असे नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटच्या खोक्यावरचा २२८.५ किंवा ४५७ हा आकडा दोन्ही औषधांची बेरीज असते; त्यात अमॉक्सिसिलिन अनुक्रमे २०० व ४०० मिग्रॅ. असते आणि हिशोब सामान्यतः त्यावरून केला जातो. स्वयंपाकघरातील चमचा ५ मिलि.चा धरण्याची रीत आहे, परंतु तो क्वचितच तेवढा भरतो. खुणा असलेले टोपण किंवा, तान्ह्यांसाठी, सुई नसलेली सिरिंज वापरावी.

बाळगुटीसाठी घरोघरी असलेले बोंडले प्रतिजैविकासाठी योग्य नाही: त्यात माप नसते, आणि मूल मांडीवर आडवे घेऊन नाक दाबून पाजल्यास औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मूल उठवून बसवावे व औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडेथोडे सोडावे. कडूपणा मोडण्यासाठी मध चाटवण्याची पद्धत एक वर्षाखालील मुलांत टाळावी. मधातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो. औषध दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळू नये, दूध उरले की डोसही उरतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास डॉक्टरांना विचारून डोस पुन्हा देतात; चुकलेल्या डोसाची भरपाई दुप्पट देऊन करू नये.

‘कोर्स पुरा करा’ या सूचनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. अनेकजण ती पेनिसिलीनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९४५ च्या नोबेल व्याख्यानापर्यंत नेतात. तेथे त्यांनी घसादुखीवर अपुरे पेनिसिलीन घेणाऱ्या एका काल्पनिक रुग्णाचा दाखला दिला होता. परंतु त्यांचा रोख अपुऱ्या मात्रेवर होता, दिवसांच्या संख्येवर नव्हे. दुसरा धागा १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंगच्या हवाई दल तळावर झालेल्या अभ्यासांकडे जातो. स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूच्या घसादुखीनंतरचा संधिवाताचा ताप (सांधे व हृदयाला बाधणारा ऱ्हुमॅटिक फीवर) पेनिसिलिनने टळतो हे तेथे दिसले, आणि पुढे १० दिवसांचा उपचार रूढ झाला. एका रोगासाठीचा हा मुदतीचा नियम बहुधा इतरत्रही सरसकट लावला गेला असावा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील चाचणीत सौम्य न्यूमोनियाच्या बालकांत अमॉक्सिसिलिनचे ३ दिवस ५ दिवसांइतकेच परिणामकारक आढळले. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने तर कोर्स पुरा करण्याचा आग्रहच सोडावा असे सुचवले. मुदत रोगागणिक ठरावी हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र ती डॉक्टरांनी ठरवायची असते. टायफॉइडमध्ये योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला ४ ते ७ दिवस लागू शकतात, आणि नेमके तेव्हाच औषध बदलण्याचा किंवा सोडण्याचा मोह होतो. बाटली संपणे म्हणजे कोर्स संपणे नव्हे. ३० मिलि.ची बाटली रोज दोनदा ५ मिलि. दिल्यास तीनच दिवस पुरते. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच कालवावी.

पातळ जुलाब हा सर्वांत सामान्य उपद्रव. अशा वेळी ओआरएस द्यावे. अंगावर पुरळ आल्यास पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. चेहरा सुजणे, धाप लागणे किंवा मूल निपचित पडणे ही तत्काळ रुग्णालयात नेण्याची लक्षणे होत.

बेळगाव जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला, तरी औषधांचा १९४० चा कायदा केंद्रीय असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना नियम एकच आहेत. कोल्हापूर-मिरजेत लिहून घेतलेली चिठ्ठी निपाणीत चालते. अडचण भाषेची आहे. खोक्यावरील मजकूर इंग्रजीत, सरकारी पत्रके प्रामुख्याने कन्नडमध्ये आणि घरात मराठी, त्यामुळे दुकानदाराचे तोंडी सांगणेच पुष्कळदा शेवटचे ठरते. ते आईने किंवा आजीने त्याच्यासमोर एकदा सिरिंजवर माप दाखवून पडताळून घ्यावे. सेफिक्सिम व सेफपोडॉक्सिम २०१४ पासून अंमलात आलेल्या एच-१ अनुसूचीत (केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावयाच्या काही औषधांच्या यादीत) असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदाराला ठेवावी लागते. खोक्यावरील लाल उभ्या रेषेबाबतची (चिठ्ठीशिवाय औषध न घेण्याच्या खुणेबाबतची) जनजागृती मोहीम केंद्राने २०१६ मध्ये काढली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा (स्था. १९६३) सहभाग असलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रसूतिवेळी दिलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या एकाच डोसाने मातांमधील जंतुदोष घटल्याचे, पण नवजातांमधील न घटल्याचे दिसून आले. बालकांच्या सिरपविषयी त्यावरून काही अनुमान काढता येत नाही.